नऊ नंबरचं उत्तर

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात भाईंचं किराणा दुकान आहे. त्याच्या मागच्या अंगाला सिमेंटच्या पत्र्यांची एक लांबट खोली होती आणि त्या खोलीत कुस्तोदियो सरांचा कॉम्प्युटर क्लास. सर मे महिन्यात गेले. नोव्हेंबर उजाडला तरी दारावरच्या पाटीवर त्यांचंच नाव होतं, शिकवत मात्र हिरा होती.

हिरा तांडेल मालवणच्या दांडी किनाऱ्यावरची. बाप होडीने रापणीचं जाळं टाकायला जायचा, आई मासे विकायची. बारावीनंतर ती इथे शिकायला आली, तेव्हा तिला माऊस हातात धरायची भीती वाटायची. दोन वर्षांत ती सरांच्या हाताखाली शिकवायला लागली. सर गेल्यावर भाईंनी तिच्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाले, "बंद करू नको गो. त्याचां नाव रवांदे."

ती शिकवायची ते सगळं सरांच्याच शब्दांत. दुसरे शब्द तिच्याकडे नव्हतेच. पुस्तकातल्या इंग्रजी व्याख्या सर कधी वाचून दाखवायचे नाहीत. मुलांना समोर बसवायचे आणि विचारायचे, "नेटवर्क म्हणजे काय? दोन मशिनां एकमेकांक ओळखूक लागली, झालां नेटवर्क." मशिनाला नंबर कशाला? "होडयेक नंबर नसलो तर बंदरात ती कोणाची ता कसां कळतलां?" आणि सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तो हबचा डबा म्हणजे मासळीचा लिलाव पुकारणारा. "एकान कानात काय सांगलां की ह्यो सगळ्यांक ओरडान सांगता. ज्याचां काम तो घेता, बाकीचे सोडून देतत."

पिंगचा अर्थ मात्र हिराच्या घरचा होता. सरांनी तिला एकदा विचारलं होतं, "धुक्यात दुसरी होडी दिसाक नाय, तर तुझो बाबा काय करता?"

"हाळी देता."

"आणि?"

"समोरसून हाळी इली की समजता, थय कोणतरी आसा."

सर टेबलावर थाप मारून म्हणाले होते, "ताच पिंग! ह्या मशिनान त्या मशिनाक हाळी देवची. चार वेळा देता. उत्तर इलां तर तो जागो आसा. नाय इलां तर लिवान येता, रिक्वेस्ट टाइम्ड आउट. म्हणजे वाट बघून दमलंय." पुढे प्रत्येक तुकडीला ते हेच सांगायचे आणि सांगताना आठवणीने म्हणायचे, "ह्यां हिराच्या बाबाचां."

त्या मंगळवारी सकाळी हिरा नव्या तुकडीला तेच सांगत होती. आठ मशिनं, आठ मुलं. एक ते आठ असे नंबर. प्रत्येकाने शेजाऱ्याला हाळी द्यायची. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं पडायला लागली, मुलं हसायला लागली. सलोनी नावाची एक मुलगी होती, चुणचुणीत, सांगितल्यापेक्षा एक पाऊल पुढे जाणारी. ती म्हणाली, "टीचर, नऊ नंबर पण उत्तर देता."

"नऊ नंबर नाहीच आपल्याकडे. नीट बघ."

"नीटच बघलंय."

हिरा तिच्या मागे जाऊन उभी राहिली. शेवटचा आकडा नऊ. खाली चार ओळी, चारही उत्तराच्या. तिने दहा नंबर घालून बघितला. चार वेळा रिक्वेस्ट टाइम्ड आउट. अकरा घातला, तेच. पुन्हा नऊ घातला. चार उत्तरं, आणि प्रत्येकापुढे वेळ एका मिलिसेकंदापेक्षाही कमी.

सर म्हणायचे, उत्तर जितक्या लवकर येतं तितका माणूस जवळ असतो.

वर्गातली एकेक खुर्ची सरकली. सगळी मुलं सलोनीच्या मशिनाभोवती गोळा झाली. मागून कोणीतरी हळूच विचारलं, "सर खंय पडलेले?" आणि नकळत सगळ्यांनी वर बघितलं. पाच आणि सहा नंबरच्या टेबलांच्या मधे, छताला, एक पत्रा बाकीच्यांपेक्षा पांढरा होता. नवा घातलेला.

हिराने त्या दिवशी वर्ग अर्ध्या तासात सोडला.

दुसऱ्या दिवशी आठांपैकी पाच आले. तिघांच्या घरून निरोप आला की ताप आहे. बाजारात बातमी पसरायला भाईंचं दुकानच पुरेसं होतं. भाई स्वतः मागच्या दारात येऊन उभे राहिले. "हिरा, मी देवाक नारळ ठेवन गाराणां घालून घेतंय. मेलेलो माणूस असो अडकान रवता कामा नये."

"दोन दिवस थांबा, भाई. बहुतेक वायरीतलाच काहीतरी घोळ आहे."

असं ती म्हणाली खरी. पण मुलं गेल्यावर खोलीत एकटी उरली, तेव्हा तिला स्वतःचाच श्वास ऐकू यायला लागला. बाहेर दीडचं ऊन होतं, रस्त्यावरून एसटी गेली, दुकानात कोणीतरी साबण मागत होतं. आत आठ पडदे काळे पडत गेले. तिने एक नंबर सोडून सगळी मशिनं बंद केली आणि स्टूल घेऊन हबच्या फळीपाशी चढली.

सरांच्या मागे सहा महिन्यांत तिने तिथल्या एकाही वायरीला हात लावला नव्हता. हब रात्रंदिवस चालू असायचा, सरांची तशी पद्धत होती, त्याची पिन वेगळ्या बोर्डाला होती. त्यावर एक फडका टाकलेला असायचा. तो फडका तिनेच टाकला होता, त्या बारीक हिरव्या दिव्यांकडे बघवत नव्हतं म्हणून. आता तिने तो काढला आणि वायरी मोजल्या. आठ नव्हत्या, नऊ होत्या.

नववी करड्या रंगाची, बाकीच्यांहून जुनी, सरळ वर वाशाकडे गेलेली. तिने ती उपसली. खाली उतरून एक नंबरवरून हाळी दिली. टाइम्ड आउट. पुन्हा चढून खुपसली. उत्तर. तिच्या जिवात जीव आला. वायर आहे, म्हणजे वायरीला दुसरं टोक आहे. टोकाला मशीन आहे. भुताला वायर लागत नाही.

ती मशिनासमोर बसून राहिली आणि उगाचच पुन्हा पुन्हा हाळी देत राहिली. उत्तरं येत होती. बरोबर दोन वाजता, तिने कशालाही हात लावला नसताना, उत्तर यायचं थांबलं. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. कोणीतरी उठून निघून जावं तसं.

गुरुवारी तिने मुलांना टायपिंगचं काम दिलं, सलोनीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती वायरीच्या मागे निघाली. वायर खिडकीच्या वरून बाहेर पडत होती, वळचणीखालून फणसाच्या झाडावर जात होती. तिथून काळ्या नळीत घालून माडा-माडाला बांधत नेलेली. गाठी नीट, सारख्या अंतरावर. त्या गाठी बघूनच बांधणारा कोण ते तिने ओळखलं. पुढे चिऱ्यांचा गडगा आला, गडग्यापलीकडे खळं, खळ्यात चुना लावलेला क्रूस, म्हणजे खुरीस, आणि खुरसामागे तांबड्या कौलांचं घर.

ते घर सरांचं. हिरा गडग्यापाशीच थांबली. मातीच्या दिवशी ती चर्चच्या फाटकापर्यंत गेली होती, आत गेली नव्हती. त्यानंतर बाजारातून बसथांब्याकडे जाताना ती लांबचा रस्ता धरायची.

ओटीवर सरांची आई फ्रान्सिस्का सुपात कुळीथ निवडत बसली होती. काळे कपडे, सुजलेले गुडघे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिने मान वर न करताच विचारलं, "हिरा मां तू?"

"होय, बाय."

"सा म्हयने लागले तुका ह्या दारात येवक."

हिराने वर वळचणीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "ही वायर तुमच्या घरात गेलीय."

"जातली नाय तर काय? त्येनाच ओढलेली." फ्रान्सिस्काने सूप बाजूला ठेवलं आणि भिंतीला धरत उठली. "ये."

आतल्या खोलीत टेबलावर सरांचं जुनं मशीन चालू होतं. पडद्याच्या डोक्यावर क्रोशाने विणलेला रुमाल, बाजूला सरांचा फोटो, फोटोपुढे मेणबत्तीचा थेंब थिजलेला. टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढून तिरकं ठेवलं होतं, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या मशिनाची पाठ दिसावी. पंख्याचा घुंई आवाज खोलीभर.

"तुम्हाला येतं हे?" हिराने विचारलं.

"माका इतक्याच येता. हो बटन दाबूचो. दोन वाजता बंद कसां करूचां ता त्येना शिकवल्यान." फ्रान्सिस्का खुर्चीत टेकली. "दोन वर्सांआधी मी न्हाणयेत घेरी येवन पडलंय. घरात कोण नाय. तो सकाळी सातांक भायर पडा, मालवणात शाळेत शिकवी, आणि धा-सव्वाधाक सरळ तुमच्या वर्गात. दोन वाजल्यार घराक. फोनाचो अर्ज केललो तो काय येयना. तर म्हणालो, माय, तू धा वाजता ह्यो बटन दाबीत जा. मी थयसून इचारतंय. तू काय बोलूची गरज नाय, मशीनच सांगता, आसा म्हणान. उत्तर नाय इलां तर मी धावत येतलंय."

हिरा उभ्या उभ्या ऐकत होती. सर रोज वर्ग सुरू व्हायच्या आधी येऊन एक नंबरवर क्षणभर काहीतरी टाइप करायचे आणि मग हसऱ्या चेहऱ्याने खिडक्या उघडायचे, बस लवकर पोचली त्या मोजक्या दिवशी तिने इतकंच पाहिलं होतं.

"आणि आता?" तिने विचारलं. "आता कशाला दाबता, बाय?"

"कित्या म्हणजे? तो इचारता म्हणान."

फ्रान्सिस्काने बोट दाखवलं. मशिनाच्या पाठीवर, जिथे वायर खुपसली होती, तिथे एक हिरवा दिवा होता. "सव्वाधाक तो चार वेळा लुकलुकता. एक, दोन, तीन, चार. त्येनाच माका दाखवलेल्यान. चार झाले की समज, मी इचारलंय."

"बाय, तो दिवा वर्गातल्या कामानेसुद्धा लुकलुकतो. तो हब असतो ना, तो एकाचं बोलणं सगळ्यांना सांगतो…"

"ता माका ठावक आसा. साडेधाक तुमी येतास आणि मगे तो भरभर लुकलुकत रवता, आतासारखो. बघ. मी सव्वाधाचां सांगतंय. वर्ग बंद असता तेव्हाचां."

किल्ली एकच होती आणि ती हिराच्या पिशवीत असायची. ती साडेदहाच्या आधी कधी कुलूप उघडायची नाही, मालवणहून बसच तशी पोचायची.

ती खाली जमिनीवर बसली आणि जे बोलायचं तिने कधी ठरवलं नव्हतं, ते तोंडातून बाहेर पडायला लागलं. सहा नंबरची वायर छपरावर एका जागी उघडी पडली होती. सर म्हणत होते, रविवारी बघू. तिनेच हट्ट धरला, दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे, आजच करा. शिडी तिने धरली. वरून सर म्हणाले, "आत जावन बघ गो, दिवो पेटता काय." ती शिडी सोडून आत गेली. हबवरचा सहा नंबरचा दिवा लागला. ती आनंदाने ओरडली, "पेटलो!" आणि त्याच क्षणी डोक्यावरचा पत्रा मोडला.

"माझ्या हट्टापायी झालं, बाय. मी कोणाला सांगितलं नाही."

फ्रान्सिस्काने हिराच्या डोक्यावर हात ठेवला नाही, की तिला जा म्हणूनही सांगितलं नाही. ती दिव्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फाल्यां सव्वाधाक हय ये. आता घराक जा."

शुक्रवारी हिरा पहिल्या बसने आली. आदल्या दिवशी तिने आठही मशिनं बंद करून त्यांचा मुख्य खटकासुद्धा खाली पाडला होता, चालू ठेवला तो फक्त हब. सकाळी कुलूप ओढून बघितलं, किल्ली मुठीत घेतली आणि ती बागेतून सरांच्या घरी गेली.

फ्रान्सिस्काने तिच्यासाठी स्टूल ठेवलं होतं. दोघी मशिनाच्या पाठीकडे तोंड करून बसल्या. हिरवा दिवा एकसारखा तेवत होता. हिरा मनात म्हणत होती की काही होणार नाही, आणि झालं नाही तर ह्या म्हातारीला काय सांगायचं. भिंतीवरचं घड्याळ सव्वादहावर आलं, पुढे सरकलं. मग दिवा मिटला आणि लागला. एका सेकंदाने पुन्हा. पुन्हा. पुन्हा. चार वेळा, घाई न करता, आणि मग आधीसारखा स्थिर.

फ्रान्सिस्का पदराने चष्मा पुसत म्हणाली, "आसंय रे बाबा. आसंय मी."

हिराची मूठ इतकी आवळली होती की किल्लीचे दाते तळव्यात उमटले. ती उठली आणि धावत सुटली. गडगा ओलांडून, माडांखालून, वर्गाच्या दारापर्यंत. कुलूप तसंच होतं. उघडून आत गेली. आठही पडदे काळे, खटका खाली पाडलेला. तिने एक नंबरच्या डब्यावर हात ठेवला. थंडगार. फक्त सरांची खुर्ची टेबलापासून जराशी मागे सरकलेली होती, आणि ती काल आपणच तशी सोडली का, हे तिला काही केल्या आठवेना.

साडेदहाला मुलं आली. हिराने त्यांना सांगितलं, "नऊ नंबर म्हणजे सरांच्या घरचं मशीन. सरांची आई ते रोज चालू करते. वायर आपल्याच हबला आहे." सगळे एकदम हसले, सलोनी सगळ्यांत मोठ्याने. सोमवारी तापवालेही परत आले. भाईंनी तरीही नारळ ठेवलाच, आणि हिराने हरकत घेतली नाही. सव्वादहाचं तिने कोणाला सांगितलं नाही.

त्यानंतर ती आठवड्यातून दोनदा वर्ग सुटल्यावर फ्रान्सिस्काकडे जायला लागली. औषधं आणून द्यायची, कधी दांडीवरून बांगडे आणायची. शिडीचा विषय पुन्हा निघाला नाही. फ्रान्सिस्का कधी प्रेमाने बोलायची, कधी अख्खा तास गप्प असायची. अशा गप्प दिवशी हिराला वाटायचं, ही मनात पत्रा मोडल्याचा आवाज ऐकत असणार. मग तीही गप्प बसायची.

सव्वादहाला मात्र ती पुन्हा त्या खोलीत बसली नाही. एकदा बघितलं तेवढं पुरे होतं. बस कधी लवकर पोचलीच तर ती बाजारात भाजीवाल्यांपाशी वेळ काढायची. वर्गाच्या दारापाशी गेलो आणि आतून बोटांचा आवाज आला तर काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं.

पावणेदोन वर्षं अशी गेली. २००५च्या जुलैत एका सकाळी कुंभारमाठाच्या पुढे रस्त्यावर झाड पडलं आणि बस अडकून राहिली. हिरा कट्ट्याला पोचली तेव्हा पावणेअकरा वाजून गेले होते. मुलं वळचणीखाली पाऊस चुकवत उभी होती. तिने छत्री मिटली, कुलूप काढलं, दार ढकललं.

एक नंबरचं मशीन चालू होतं.

आदल्या दिवशी तिने ते स्वतः बंद केलं होतं. पडद्यावर काळी खिडकी उघडी होती. वरच्या ओळीत नऊ नंबरला दिलेली हाळी. पण ह्या खेपेला ती चार वेळांची नव्हती, शेवटी एक खूण जोडून केलेली. थांबवीपर्यंत विचारत राहा, अशी. खाली पडदाभर एकच वाक्य, ओळीखाली ओळ. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. आणि ती बघत असतानाच तळाशी आणखी एक ओळ पडली. काही सेकंदांनी आणखी एक.

तिला भीती वाटायला वेळच मिळाला नाही. ती मुलांना ढकलून बाहेर पडली. छत्री तिथेच राहिली. बागेत गुडघाभर गवत, गडग्याचे चिरे शेवाळलेले, ती एकदा घसरली, उठली. घराचं दार आतून लावलेलं होतं. मागच्या बाजूने गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फ्रान्सिस्का दिसली, चुलीपाशी आडवी पडलेली, एक पाय विचित्र वळलेला, ओठ निळसर.

मागच्या दाराची कडी जुनी होती, दोन धक्क्यांत निघाली. हिराच्या ओरडण्याने भाई आले, भाईंनी बाबूची रिक्षा आणवली. तिघांनी मिळून म्हातारीला उचललं. मालवणच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की मांडीचं हाड मोडलंय, साखर अगदी खाली गेलीय, पहाटेपासून पडून असाव्यात. आणखी तासभर उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

हिरा म्हणाली, "रोज निरोप यायचा. आज आला नाही."

संध्याकाळी ती पिशवी न्यायला वर्गावर आली. भाई दार बंद करून वाट बघत होते. "तां मशीन मी बंद केलंय गो," ते म्हणाले. "सकाळपासून वीज खेळत होती, आपसूक चालू झालां असतलां."

"झालं असेल," हिरा म्हणाली. वीज गेली-आली की मशीन कधी कधी आपोआप सुरू होतं, हे तिलाही माहीत होतं. पण ते आपोआप हाळी देत नाही. "पडद्यावर काय होतं, भाई?"

"माका काय इंग्रजी वाचता येता? अक्षरां पडत होती एकाखाली एक. मी हय दारात येवन उभो रवलंय, तुमची रिक्षा वळणाआड गेली आणि अक्षरां पडूची थांबली. मगे मी बटन दाबलंय."

फ्रान्सिस्का तीन आठवडे दवाखान्यात होती. मुलगी फ्लाव्हिया म्हापशाहून आली, तिने आईला गोव्याला न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी हिरा खाटेपाशी बसून मोसंबं सोलत होती. फ्लाव्हिया खाली बिलाच्या खिडकीपाशी गेली होती.

"हिरा," फ्रान्सिस्का म्हणाली, "मी थय पडललंय तेव्हा उजाडलेलां नाय. मगे उजाडलां. घड्याळाचो आवाज येय होतो. धा वाजले ता कळलां. बटन दाबूक उठाक येयना. माका वाटलां, आता तो इचारतलो आणि उत्तर जावचां नाय. रडूक इलां माका. मराच्या भयान नाय गो. तो वाट बघता म्हणान."

हिराचे हात थांबले.

"आणि तू इलंस." म्हातारीने तिचं मनगट धरलं. बोटं हलकी, कागदासारखी झाली होती. "तुका एक सांगूचां रवलां. तू हट्ट केलंस नसतो, तरी तो चढतलो होतो. आदल्या राती जेवताना माका म्हणाललो, फाल्यां सकाळी छप्पर बघतंय. रविवारचां त्येना तुका उगाच सांगलल्यान, तू शिडी धरूक भितंस म्हणान. ह्यां माका पयल्या दिवसापासून ठावक होतां. पण कोणाक तरी दोष देवक व्हयो होतो, म्हणान मी बोलूक नाय. दोन वर्सां बोलूक नाय."

हिराला रडू आलं नाही. राग येईल असं तिला क्षणभर वाटलं, तोही आला नाही. तिने मोसंब्याची फोड बियांपासून मोकळी केली आणि फ्रान्सिस्काच्या तोंडात घातली.

फ्रान्सिस्का म्हापशाला गेली आणि तिथेच तिसऱ्या वर्षी वारली. जाताना मशीन फ्लाव्हियाच्या गाडीत चढवलं, पण म्हापशाला ते कोणी जोडलं नाही. करडी वायर फणसावरून लोंबत राहिली. पुढच्या पावसाळ्यात फांदी पडून तुटली, तेव्हा भाईंनी तिचे तुकडे वेली बांधायला नेले.

हिराने क्लास २००९पर्यंत चालवला. नंतरच्या तुकड्यांना तिने हबऐवजी स्विच आणला, आणि तो लिलाववाल्यासारखा सगळ्यांना ओरडून सांगत नाही, ज्याचा निरोप त्यालाच नेऊन देतो, हे स्वतःच्या शब्दांत शिकवलं. मुलांना ते चटकन कळायचं. एक नंबरचं मशीन पुन्हा कधी आपणहून चालू सापडलं नाही. ती शोधायलाही गेली नाही.

एवढंच, की त्या सहा वर्षांत तिने साडेदहाच्या आधी कुलूप कधी उघडलं नाही. एखाद्या मुलीचा बाप लवकर येऊन विचारायचा, टीचर, दार उघडा ना, ऊन आसा. हिरा किल्ली हातात धरून त्याच्या बाजूला उभी राहायची. म्हणायची, "जरा थांबया. आत कोणाचां तरी काम चललां आसा."

तो माणूस बंद दाराकडे बघायचा, मग तिच्याकडे. आणि दोघंही फणसाच्या सावलीत सरकून उभे राहायचे.